हनुवटीवरचे केस, सावळी त्वचा आणि तीन ठिकाणचे तीन सल्ले

प्रश्न : मी २७ वर्षांची असून सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. माझा रंग गडद सावळा आहे. सहा-सात वर्षांपासून हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड, काळे केस येतात. दर आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग करते. तेथे आता काळे डाग पडले आहेत आणि ते जावेत म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली एक ट्यूब वर्षभर लावते आहे. पाळी दोन-दोन महिन्यांनी येते. पाच महिन्यांनी माझे लग्न आहे. पार्लरमध्ये आयपीएल, म्हणजे प्रकाशाच्या झोतांनी केस काढणारे यंत्र, सुचवले. एका क्लिनिकने ‘ट्रिपल वेव्हलेंग्थ डायोड’ लेझरने सहा सिटिंगमध्ये केस कायमचे जातील आणि दुखणारही नाही असे सांगितले. एका त्वचारोगतज्ज्ञांनी एनडी-याग लेझर सुचवला, पण तो दुखतो आणि सिटिंग जास्त लागतात हेही सांगितले. माझ्या मावसबहिणीच्या पायांवर पार्लरमधील उपचारानंतर चौकोनी काळे पट्टे उठले, ते वर्षभर गेले नाहीत. ‘तुझ्या रंगाला लेझर चालतच नाही’ असेही एका ओळखीच्या बाईंनी ऐकवले. मी कोणता लेझर निवडावा? गालांवरची लव आणि हातपाय एकदमच करून घ्यावेत का?

उत्तर : ओळखीच्या बाईंचे वाक्य आधी बाजूला काढते. केस काढण्याचे लेझर नवीन आले त्या काळात ते बऱ्याच अंशी खरे होते, कारण तेव्हाची यंत्रे गोऱ्या त्वचेवरील काळे केस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली होती. आज ते खरे नाही. तुमच्या त्वचेवर लेझर चालतो. मात्र कोणताही लेझर, कोणाच्याही हातून आणि कितीही ऊर्जेवर चालत नाही. तुमच्या हनुवटीसाठी मी लाँग-पल्स, म्हणजे प्रकाशाचा झोत थोडा जास्त वेळ टिकणारा, एनडी-याग निवडेन. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांकडे थंड टोक असलेला, लांब पल्स देणारा, ८०० ते ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीचा) साधा डायोड असेल, तर तोही चालेल. पार्लरमधील आयपीएलला स्पष्ट नकार द्या. गालांवरच्या लवेला कोणताच लेझर लावू देऊ नका. आणि यांपैकी काहीही सुरू होण्यापूर्वी पाळीची आणि त्या ट्यूबची चौकशी व्हायला हवी, कारण तुमच्या केसांचे मूळ कारण पाळीच्या तक्रारीमागे असू शकते आणि वर्षभर लावलेल्या ट्यूबने त्यात भर घातलेली असू शकते.

आता यामागची कारणे. ती नीट समजली, तर उद्या चौथ्या कोणी पाचव्या यंत्राचे नाव सांगितले तरी तुम्हाला स्वतःला निर्णय घेता येईल.

लेझरचा प्रकाश केसाला ओळखत नाही, तो मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला ओळखतो. केसातील मेलॅनिन प्रकाश शोषून तापते, ती उष्णता केसाच्या मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्या पेशी निकामी होतात. भोवतालच्या कातडीला धक्का न लावता नेमके एवढेच लक्ष्य तापवता येते, हे तत्त्व अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या त्वचाविज्ञान्यांनी १९८३ मध्ये मांडले आणि आजचे प्रत्येक यंत्र त्याच तत्त्वावर उभे आहे. अडचण अशी की, सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही तेच मेलॅनिन भरपूर असते आणि केसाच्या मुळापर्यंत जाणाऱ्या प्रकाशाला आधी त्या थरातूनच वाट काढावी लागते. भर उन्हात काळ्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो, पांढऱ्या फरशीवर तितका बसत नाही. त्वचेचेही तसेच आहे. वरच्या थराने प्रकाश स्वतःच शोषून घेतला, तर केस जागेवर राहतो आणि त्वचा भाजते. भाजलेली सावळी त्वचा बरी होताना जास्तीचे रंगद्रव्य तयार करते, म्हणून डाग महिनोन्‌महिने राहतो. क्वचित त्या जागेचा रंगच उडून पांढरा चट्टा पडतो आणि तो काळ्या डागापेक्षाही अधिक चिवट असतो.

यावर पहिला उपाय तरंगलांबीचा आहे. मेलॅनिनची प्रकाश शोषण्याची भूक तरंगलांबी वाढत जाईल तशी कमी होत जाते आणि या पट्ट्यात प्रकाश त्वचेत अधिक खोलवरही उतरतो. सर्वांत जुना रुबी लेझर ६९४ नॅनोमीटरचा, तो तुमच्यासारख्या त्वचेसाठी नाहीच. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचा. गोऱ्या आणि गव्हाळ त्वचेवर तो फार चांगले काम करतो, बारीक केसही उचलतो, पण गडद सावळ्या रंगावर त्याची सुरक्षिततेची मर्यादा इतकी अरुंद होते की थोडी चूकही महागात पडते. डायोड साधारण ८०० ते ८१० नॅनोमीटरचा, म्हणजे मधला. लाँग-पल्स एनडी-याग १०६४ नॅनोमीटरचा. त्याचा प्रकाश वरच्या थरातील मेलॅनिनला सर्वांत कमी छेडत खाली उतरतो, म्हणून सर्वांत गडद त्वचेसाठीही तो सर्वांत सुरक्षित मानला जातो.

ज्या गुणामुळे एनडी-याग सुरक्षित आहे, त्याच गुणामुळे तो थोडा कमजोरही आहे. त्वचेतील मेलॅनिन त्याला कमी शोषते, तसे केसातील मेलॅनिनही कमी शोषते. केस जाड आणि काळाभोर असेल, तर त्यात रंगद्रव्य इतके असते की काम भागते. केस बारीक किंवा भुरकट असेल, तर हाती फारसे काही लागत नाही. ही कसर भरून काढण्यासाठी ऊर्जा जास्त द्यावी लागते, ती खोलवर पोहोचते आणि म्हणून हा लेझर दुखतो. ज्या त्वचारोगतज्ज्ञांनी तुम्हाला ‘दुखेल आणि सिटिंग जास्त लागतील’ असे आधीच सांगितले, त्यांनी तुमच्याशी प्रामाणिकपणे बोलणे केले आहे आणि माझ्या मते तीन सल्ल्यांतील तोच विश्वास ठेवण्याजोगा आहे. हनुवटीवरचे तुमचे केस जाड आणि काळे आहेत, म्हणजे या लेझरला हवे तेच लक्ष्य तुमच्याकडे आहे.

दुसरी गोष्ट पल्सची, म्हणजे प्रकाशाचा एक झोत किती वेळ टिकतो याची. जाहिरातीत तरंगलांबीचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, पल्सचा उल्लेखही नसतो, आणि सावळ्या त्वचेची सुरक्षितता निम्मी तरी तिच्यावर अवलंबून असते. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कपात तो बराच वेळ गरम राहतो. त्वचेचा वरचा थर बशीतल्या चहासारखा आहे, पातळ, काही मिलिसेकंदांत उष्णता सोडून देणारा. जाड केस कपासारखा आहे, उष्णता धरून ठेवणारा. ऊर्जा एकदम क्षणात ओतली, तर दोघेही तापतात. तीच ऊर्जा थोडी सावकाश दिली, तर वरचा थर ती सोडत राहतो आणि केसात मात्र ती साठत जाते. म्हणून सावळ्या त्वचेवर पल्स सहसा ३० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठेवतात. डायोडवर, ज्याची तरंगलांबी मेलॅनिनला अधिक छेडते, त्यावर हे पथ्य अधिकच कसोशीने पाळावे लागते; लांब पल्स आणि उत्तम गारवा मिळाला, तर हाच डायोड आपल्याकडील बहुतेक सावळ्या त्वचांवर वर्षानुवर्षे चांगले काम देत आला आहे. तेव्हा डायोड वाईट आणि एनडी-याग चांगला, असे समजू नका. दोघांत चूक पोटात घालण्याची ताकद एनडी-यागची जास्त आहे, इतकाच फरक आहे, आणि चेहऱ्यावर मला ती ताकद हवी वाटते.

गारव्याविषयी थोडेच सांगते. झोताच्या आधी, दरम्यान आणि नंतर वरचा थर थंड राहिला पाहिजे. काही यंत्रांत नीलमणी-स्फटिकाचे गार टोक त्वचेला टेकते, काहींत थंड हवेचा झोत असतो, काहींत अतिथंड द्रवाचा फवारा येतो. फवारा चुकीचा बसला तर त्याच्याही गोल खुणा सावळ्या त्वचेवर उठतात, म्हणून मी टेकणाऱ्या गार टोकाला पसंती देते.

आता त्या ‘ट्रिपल वेव्हलेंग्थ’ विषयी. अशा यंत्राच्या एकाच हँडपीसमध्ये, म्हणजे त्वचेवर धरायच्या दांड्यात, बहुधा ७५५, ८१० आणि १०६४ या तिन्ही लांबींचे डायोड बसवलेले असतात आणि ते एकाच वेळी प्रकाश देतात. विक्री करताना असे सांगितले जाते की, यात १०६४ आहे, म्हणून हा सावळ्या त्वचेला सुरक्षित. हे अर्धेच खरे आहे. १०६४ सोबत ७५५ देखील तुमच्या त्वचेवर पडतो आहे आणि तुमच्या वरच्या थराला त्रास द्यायला तो भाग पुरेसा आहे. तिन्हींचे प्रमाण किती, ७५५ बंद करता येतो का, पल्स किती मिलिसेकंदांची आहे, या प्रश्नांची उत्तरे उपचार करणाऱ्या व्यक्तीला देता आली पाहिजेत. ‘दुखणारच नाही’ या शब्दामागेही एक कार्यपद्धती आहे. कमी ऊर्जेचे झोत भराभर देत हँडपीस त्वचेवर सारखा फिरवत राहायचा आणि हळूहळू उष्णता साठवायची, अशी ती पद्धत. हातापायांसारख्या मोठ्या भागांवर ती सोयीची आहे आणि खरेच कमी दुखते. हनुवटीच्या लहान, उंचसखल जागेवर संप्रेरकांनी (हार्मोन्सनी) पोसलेल्या चिवट केसांसाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

‘सहा सिटिंगमध्ये कायमचे’ हे आश्वासन तर कोणीच देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझर उत्पादकांना ‘केसांच्या संख्येत कायमची घट’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी घट, असा दावा करण्याची मुभा दिली आहे, ‘कायमचे निर्मूलन’ असा नाही. प्रत्येक केस वाढ, ऱ्हास आणि विश्रांती अशा अवस्थांतून फिरत असतो आणि लेझरचा परिणाम मुख्यतः वाढीच्या अवस्थेतील केसांवर होतो, म्हणून चेहऱ्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बसावे लागते. पोटऱ्यांवरचे केस आठ-दहा सिटिंगमध्ये खूप विरळ होतात. हनुवटीचे, पाळी अनियमित असताना, त्याहून अधिक वेळ मागतात आणि पुढे वर्षातून एक-दोनदा हात फिरवावाही लागतो. हे आधीच ठाऊक असेल, तर दहाव्या सिटिंगला निराशा येत नाही.

एनडी-यागबाबत एक फसगत मी वारंवार पाहते. या नावाची दोन अगदी वेगळी यंत्रे असतात. गोंदण काढायला आणि ‘कार्बन फेशियल’ला जो क्यू-स्विच्ड एनडी-याग वापरतात, त्याचा झोत सेकंदाच्या अब्जांश भागांत संपतो. केसाच्या मुळाला नष्ट करण्याइतकी उष्णता तो देत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत केस काढण्यासाठी परवानगी मिळालेला पहिला लेझर याच जातीचा होता, कार्बनचे द्रावण चोळून वापरायचा, आणि त्याने काढलेले केस काही महिन्यांत परत येत. तेव्हा ‘आमच्याकडे एनडी-याग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘लाँग-पल्स आहे का?’ असे स्पष्ट विचारा.

मावसबहिणीच्या पायांवरचे चौकोनी पट्टे हा आयपीएलचा ठसा असण्याची शक्यता मोठी आहे. आयपीएल हा लेझरच नव्हे. त्यात एक विशिष्ट लांबीचा प्रकाश नसून साधारण ५०० पासून १२०० नॅनोमीटरपर्यंतचा सगळा मिश्र प्रकाश असतो आणि फिल्टर लावून त्याचा खालचा भाग कापतात. त्याची काच आयताकृती असते, म्हणून भाजल्याची खूणही आयताकृती उमटते. फिल्टर चुकला, जुना झाला किंवा ऊर्जा चढी राहिली, तर सावळ्या त्वचेवर हेच घडते. बहिणीने ते डाग अजूनही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले नसतील, तर जरूर दाखवावेत. वर्ष उलटले तरी उपाय होऊ शकतो. घरी वापरायची जी छोटी यंत्रे मिळतात, तीही बहुतेक आयपीएलच असतात आणि त्यांतील कित्येकांच्या माहितीपत्रकातच गडद त्वचेवर वापरू नये असे लिहिलेले असते. कोणी भेट म्हणून आणले, तरी वापरू नका.

गालांवरच्या लवेबद्दल मी इतके ठाम का सांगितले, तेही ऐका. क्वचित काही जणींत लेझर किंवा आयपीएलनंतर केस कमी होण्याऐवजी वाढतात, बारीक लव जाड आणि काळी होते. चेहरा आणि मान या जागा, सावळी त्वचा, दक्षिण आशियाई किंवा भूमध्यसागरी वंश आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. कमी पडलेली उष्णता मूळ नष्ट करण्याऐवजी त्याला चेतवते, असा त्याचा सर्वसाधारण खुलासा दिला जातो. यांतील बहुतेक गोष्टी तुम्हाला लागू होतात. ज्या लवेकडे आज कोणाचे लक्षही जात नसेल, तिच्यापायी हा धोका पत्करण्यासारखा नाही. हनुवटीवर उपचार होतानाही झोत लवेच्या भागात पसरू नयेत, याची आठवण उपचार करणाऱ्यांना करून द्या.

आता ट्यूब. तिचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, पण डागांसाठी दुकानातून थेट मिळणाऱ्या ट्यूबमध्ये आपल्याकडे फार वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एखादे स्टिरॉइड यांचे मिश्रण असते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावले, तर त्वचा पातळ होते, पुरळ येते, उन्हात आग होते आणि त्या जागी केसही वाढतात. डाग घालवायला लावलेली वस्तू केस वाढवते, वाढलेल्या केसांसाठी थ्रेडिंग होते आणि थ्रेडिंगने पुन्हा डाग पडतात, असे दुष्टचक्र मी अनेक मुलींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे आणि दर वेळी मन विषण्ण होते. ट्यूबवर ‘बीटामेथासोन’, ‘मोमेटासोन’, ‘क्लोबेटासोल’ किंवा ‘फ्लुओसिनोलोन’ यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. असल्यास ती एका दिवसात बंद करू नका, त्वचा एकदम बिथरते; डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्यानुसार हळूहळू सोडवा. अशा त्वचेवर लगेच लेझर मारणे धोक्याचे असते, तिला सावरायला आधी वेळ द्यावा लागतो.

पाळी दोन-दोन महिन्यांनी येणे आणि हनुवटीवर जाड केस येणे, या दोन गोष्टी एकत्र असताना स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञ यांच्याकडे जाणे टाळू नका. ज्याला आपण बोलताना पीसीओडी म्हणतो, तो विकार असण्याची शक्यता आहे. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, रक्तातील साखर आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी, अशा साध्या तपासण्यांतून चित्र स्पष्ट होते. मानेवर किंवा काखेत त्वचा काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर तेही सांगा. ती मळाची खूण नव्हे, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची असू शकते. केस अचानक, काही महिन्यांतच वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर मात्र ही तपासणी त्याच आठवड्यात करा. संप्रेरकांवरच्या औषधांचा परिणाम केसांवर दिसायला सहा महिने तरी लागतात आणि त्यांतील काही औषधे गर्भाला बाधक असल्याने लग्नानंतरच्या तुमच्या बेताशी त्यांची सांगड घालावी लागते, म्हणून हे बोलणे आताच झालेले बरे. आत संप्रेरके केस उगवत ठेवत असताना केवळ बाहेरून लेझर मारणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणे आहे. लेझर आणि औषध दोन्ही बरोबरीने चालले की निकाल टिकतो.

पाच महिन्यांचा हिशेब आता मांडू. पहिले तीन-चार आठवडे तपासण्या आणि त्वचा शांत करणे यांत जातील. त्यानंतर टेस्ट पॅच घ्या, म्हणजे जबड्याखालच्या, सहज न दिसणाऱ्या जागी दोन-चार झोत. सावळ्या त्वचेवर डाग उशिरा उमटतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी निकाल लावू नका, दोन आठवडे थांबा. मग चार-पाच आठवड्यांच्या अंतराने दोन किंवा तीन सिटिंग बसतील आणि शेवटचे सिटिंग हळदीच्या किमान चार आठवडे आधी संपलेले असावे. एवढ्यात केस निश्चित विरळ होतील, पूर्ण जाणार नाहीत. उरलेल्यांची काळजी लग्नानंतर घेता येईल. हातपाय यासोबत सुरू करू नका. तेथे धोका कमी असला तरी घाई नाही आणि चेहऱ्यावर तुमची त्वचा कशी वागते, हे आधी कळू द्या. पुढे हातापायांसाठी डायोड अगदी योग्य ठरेल, मात्र तुम्ही दुचाकीवरून शाळेत जात असाल तर बाही आणि मोजे पुरे घाला.

उन्हाचा मुद्दा मी माझ्या एका चुकीमुळे कधीच विसरत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक मुलगी चौथ्या सिटिंगला आली. मधल्या काळात ती कोकणात आठवडाभर उन्हात फिरली होती. मी आधीच्या कागदावरची ऊर्जा पाहिली आणि तीच लावली; त्या दिवशीची त्वचा नीट पाहिली नाही. तिच्या हातांवर पडलेले डाग जायला चार महिने लागले. तेव्हापासून मी प्रत्येक सिटिंगला ऊर्जा नव्याने ठरवते. त्वचेचे सहा प्रकार सांगणारे जे मोजमाप क्लिनिकमध्ये वापरतात, ते अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मुळात गोऱ्या त्वचेचा विचार करून आखले होते आणि गडद रंगांचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बहुतेक जण त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात एकत्र ढकलले जातात. तेव्हा ‘तुम्ही टाइप फाइव्ह’ एवढे कोणी म्हणाले म्हणजे तुमची त्वचा पाहिली असे होत नाही. कानामागची न रापलेली आणि हनुवटीची रापलेली त्वचा शेजारी ठेवून पाहणारा डॉक्टर शोधा.

तिथे गेल्यावर काय विचारायचे, तेही सांगते. झोत देणारी व्यक्ती कोण, तिचे प्रशिक्षण काय आणि त्वचारोगतज्ज्ञ त्या वेळी जागेवर असतात का, हे विचारा. डॉक्टरांची पदवी त्वचारोगशास्त्रातील आहे का आणि नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात संकोच मानू नका. यंत्राचे नाव, तरंगलांबी, पल्स आणि ऊर्जा दर वेळी तुमच्या कागदावर लिहून मागा. उद्या गाव बदलले तर हाच कागद पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडेल. तुमच्या आणि झोत देणाऱ्यांच्या डोळ्यांवर त्या लेझरच्या तरंगलांबीचाच संरक्षक चष्मा हवा. भुवयांच्या आत, पापण्यांजवळ लेझर मुळीच नको.

दुखण्याबाबत घाबरू नका, पण ते दाबूनही टाकू नका. एनडी-यागचा झोत रबर ताणून सोडल्यासारखा, कधी त्याहून थोडा जास्त बोचतो, आणि हनुवटीचे काम काही मिनिटांत आटोपते. सुन्न करणारे मलम हवेच असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, तेवढ्याच जागेवर लावा. पायांवर असे मलम थापून वर प्लास्टिक गुंडाळल्याने अमेरिकेत दोन तरुणींचा जीव गेला होता आणि २००७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. शिवाय वेदना ही सूचनाही असते. टोचणे चालेल, आग होत राहिली, तर तिथेच थांबायला सांगा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून झोतानंतर त्वचा राखाडी किंवा पांढुरकी दिसते का, याकडे लक्ष असू द्या. ती भाजल्याची पहिली खूण आहे. केसांच्या मुळांभोवती बारीक सूज येणे, ते ठिपके काही तास किंवा एक-दोन दिवस राहणे, हे मात्र अपेक्षितच आहे.

हनुवटीवर एखादा पांढरा केस असेल, तर त्यावर लेझरचा परिणाम होणार नाही, कारण त्यात मेलॅनिनच नाही. त्यासाठी सुईने एकेक मूळ जाळणारे इलेक्ट्रोलिसिस आहे. १८७५ मध्ये पापणीचे वळलेले केस काढण्यासाठी अमेरिकेतील एका नेत्रवैद्यांनी वापरलेली ही पद्धत अजूनही टिकून आहे. संथ आहे आणि कुशल हात मागते. केसांना ब्लीच करत असाल, तर तेही थांबवा, नाहीतर काळा केसही लेझरला दिसेनासा होईल.

उरला एकच विषय, आणि त्याचीच मुली सर्वांत जास्त धास्ती घेतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमट्याने उपटणे, तिन्हींत केस मुळासकट निघतो आणि लेझरला तापवायला काही उरतच नाही. म्हणून पहिल्या सिटिंगच्या किमान चार आठवडे आधीपासून संपूर्ण उपचार संपेपर्यंत हे तिन्ही बंद ठेवायचे. मधल्या काळात केस रेझरने किंवा छोट्या ट्रिमरने काढायचे आणि सिटिंगच्या आदल्या दिवशीही तसेच करायचे. रेझर फिरवल्याने केस जाड होतात हे खरे नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून हाताला तो राठ लागतो. त्याची जाडी मुळाशी ठरते आणि पात्याचा मुळाशी काही संबंध येत नाही. शाळेत जाताना संकोच वाटणार नाही, इतके सकाळचे दोन मिनिटांचे हे काम आहे आणि दर आठ-दहा दिवसांनी होणाऱ्या थ्रेडिंगच्या जखमा थांबल्या, की जुने डागही आपोआप फिके होऊ लागतील. या आठवड्याची थ्रेडिंगची वेळ घेऊन ठेवली असेल, तर ती आजच रद्द करा.